हाजिर मजालस आणि रोमातले लोक

'रोमात' हा शब्द पहिल्यांदा वाचणाऱ्याला तो शुद्ध संस्कृत वाटावा. रोमरोमात भिनलेला, तसा काहीतरी. प्रत्यक्षात रोम म्हणजे 'रीड ओन्ली मोड' या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. मराठी माणसाने त्यांना सप्तमीचा प्रत्यय लावला आणि एक नवी अवस्था तयार केली. मायबोली या संकेतस्थळावर हा शब्द रुळला. अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी १९९६ च्या गणेश चतुर्थीला ते सुरू केलं. तिथे येऊन नुसतं वाचणारा, काहीच न लिहिणारा माणूस रोमात असतो. कुणी दोन वर्षं रोमात असतो, कुणी दहा. बऱ्याच जणांची पहिली ओळच अशी असते, की इतके दिवस रोमात होतो, आज राहवलं नाही म्हणून लिहितो.

भाषा शिकवण्यावर माझं पोट आहे, म्हणून असल्या शब्दांचा मला नाद आहे. याच माणसाला इंग्रजीत 'लर्कर' म्हणतात. त्या शब्दात दबा धरून बसण्याचा वास आहे. अंधाऱ्या गल्लीत भिंतीला टेकून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. उर्दूत त्यालाच 'ख़ामोश क़ारी' म्हणतात, म्हणजे मूक वाचक. हा शब्द इंटरनेटच्या कितीतरी आधीचा. उर्दू डायजेस्टांच्या पत्रव्यवहाराच्या पानांत तो सतत भेटायचा. वर्षानुवर्षं मासिक वाचणारी एखादी बाई अखेर संपादकांना पत्र लिहायची आणि स्वतःची ओळख ख़ामोश क़ारी अशी करून द्यायची. आमच्या घरी ही डायजेस्टं यायची आणि वाकोल्याच्या गल्लीतल्या पाच-सहा घरांतून फिरून, कव्हर गमावून परत यायची. त्या पाच-सहा घरांतल्या एकाही बाईने कधी पत्र लिहिलं नाही. पण पुढच्या महिन्यातल्या कथेत नायिकेचं काय होणार, यावर आमच्या ओट्यावर जेवढा वाद झाला तेवढा संपादकांच्या टेबलावर झाला नसेल.

म्हणजे एकाच माणसाला तीन भाषांत तीन नावं. इंग्रजीत तो संशयित, उर्दूत अदबीचा, आणि मराठीत तांत्रिक बिघाड झाल्यासारखा.

पण मराठीत याहून जुनं एक नाव आहे आणि ते जास्त विचार करायला लावतं. 'हजर' हा शब्द मराठीत अरबीतून फारसीच्या वाटेने आला. हजेरी, गैरहजर, हुजूर हे सगळं एकाच मुळातलं, ह-ज़-र. त्याच मुळातून आणखी एक शब्द मराठीच्या दप्तरांत आला, तो म्हणजे 'महजर'. आज तो फक्त इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहे. सतराव्या-अठराव्या शतकात मात्र गावोगावच्या पाटलाला, कुलकर्ण्याला आणि देशमुखाला तो पाठ होता. वतनाचा, शिवेचा, मानपानाचा तंटा निघाला की सभा बसायची. तिला गोतसभा म्हणत, मजालस म्हणत. 'मजलिस'चं ते मराठी रूप. वादी बोलायचा, प्रतिवादी बोलायचा, जुनी कागदपत्रं पुढे यायची, साक्षी व्हायच्या. मग निवाडा लिहिला जायचा. तो कागद म्हणजे महजर.

राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली. त्यांत आणि पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाने छापलेल्या कागदांत असे महजर पुष्कळ आहेत. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ याच कागदांवर उभा आहे. वरची तारीख बहुतेक शुहूर सनाची, म्हणजे आकडे अरबी शब्दांत: इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस. मोडी लिपीत, ब्राह्मण कारकुनाच्या हाताने लिहिलेले अरबी आकडे. माझ्या उर्दूच्या वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलांचा विश्वास बसत नाही, आणि मराठीच्या वर्गात सांगते तेव्हाही बसत नाही.

या कागदात एक भाग असतो, 'हाजिर मजालस'. म्हणजे सभेला कोण कोण हजर होतं त्यांची यादी. देशमुख, देशपांडे, शेटे, महाजन, आजूबाजूच्या गावांचे पाटील, बलुतेदार. परगण्याचा काजी असेल तर त्याचा फारसी शिक्का. गावचा मुलाणा असेल तर तोही. लिहिता न येणाऱ्याची खूण. पाटलाचा नांगर तर प्रसिद्धच आहे, बलुतेदार आपापल्या अवजाराचं चिन्ह काढत. यादीतली बहुतेक माणसं त्या सभेत एक शब्दही बोललेली नसत. त्यांचं मत कागदात कुठे नाही. ती नुसती बसली होती. आणि तरी त्यांच्याशिवाय तो कागद पुरा होत नव्हता. निवाडा टिकायचा तो या बसलेल्यांच्या बळावर. चाळीस वर्षांनी पुन्हा तोच तंटा उकरला गेला, तर जुना महजर पुढे यायचा आणि यादीतले जे हयात असतील त्यांना विचारलं जायचं, बाबा, तू होतास ना तिथे?

तेव्हा आपल्याकडे गप्प हजर असण्याला हुद्दा होता. त्याचं नाव लिहिलं जात होतं, आणि ओळीत कोण वर कोण खाली यावरूनही भांडणं होत. अर्थात ही यादी सगळ्यांची नव्हती. बायका त्यात क्वचितच दिसतात. मजालस चालली असताना दाराआड, भिंतीपलीकडे कोण ऐकत उभं होतं, हे कुठल्याच महजरात येत नाही.

आता यादी डोळ्यांपुढे ठेवा आणि तीनशे वर्षं पुढे या.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन या विद्यार्थ्याने 'इंटरनेट रिले चॅट' लिहिलं. सगळे त्याला आयआरसी म्हणत. एकेका विषयाच्या खोलीला चॅनेल म्हणायचे. पडद्याच्या उजव्या बाजूला त्या खोलीत हजर असलेल्यांच्या नावांची उभी यादी असायची. १९९५ मध्ये ख़ालिद मरदम-बे यांनी विंडोजसाठी एमआयआरसी हा प्रोग्राम काढला आणि ही यादी जगभर लाखो पडद्यांवर दिसू लागली. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा महजर हा शब्दही मला माहीत नव्हता. पुढे कलिनाच्या ग्रंथालयात छापील महजर हाती आला आणि त्यातली हाजिर मजालस पाहून मला आधी आठवला तो एमआयआरसीचा उजवा कप्पा.

दीडशे नावं यादीत आणि बोलणारे चार, हे आयआरसीवर रोजचंच. बाकीचे 'आयडल'. हा शब्दही नीट समजून घ्यायला हवा, कारण हे लोक रिकामटेकडे नव्हते. एक हुकूम टाइप केला की समोरचा माणूस किती सेकंद गप्प आहे ते दिसायचं. चार हजार सेकंद, ऐंशी हजार सेकंद. मौन मोजणारं असं यंत्र त्याआधी कुणी केलं होतं का, मला आठवत नाही. आणि आयआरसीचा एक मूळ नियम असा होता, की खोलीतला शेवटचा माणूस बाहेर पडला की खोलीच नाहीशी व्हायची. पुन्हा जो पहिला शिरेल तो मालक. म्हणून आपली खोली राखायची तर कुणीतरी आत बसून राहणं भाग होतं. बोलायचं काही नाही, फक्त जागा सोडायची नाही. लोक झोपताना संगणक चालू ठेवून जात. पुढे हे काम करायला यंत्रं आली. १९९३ चं 'एगड्रॉप' हे त्यांतलं नावाजलेलं. ते रात्रंदिवस खोलीत गप्प बसून राहायचं. आमच्याकडे लोकल फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसाच हा प्रकार, फक्त रुमाल चोवीस तास जागा.

इंटरनेटच्या आधी टेलिफोनवर चालणाऱ्या संगणकी फलकांचा काळ होता. बीबीएस म्हणायचे त्यांना, मुंबईतही हातावर मोजण्याइतके होते. तिथे मूक वाचकावर राग असायचा आणि त्याला कारण होतं. बहुतेक फलकांना एकच टेलिफोन लाइन. एकजण आत शिरून तास तास वाचत बसला की बाकीच्यांना एंगेज टोन. 'लर्कर' शब्दातला कडवटपणा मला वाटतं तिथून मुरला असावा. पण लगेच उलटाही सूर दिसतो. ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅली हॅम्ब्रिज यांनी नेटवरच्या शिष्टाचाराचा जो मसुदा लिहिला, आरएफसी १८५५, त्यात नव्या माणसाला स्पष्ट सल्ला आहे: एक-दोन महिने नुसतं वाच, मग लिही. म्हणजे १९९५ पर्यंत गप्प बसणं हा उमेदवारीचा काळ झाला होता.

मुंबईतली गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इंटरनेटच्या इतिहासाच्या पुस्तकांत ती बसत नाही. आपल्या उपनगराला या इतिहासात मानाची जागा आहे. सांताक्रूझहून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर, जुहूच्या गुलमोहर रोडवर 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' होतं. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्यातली ती एक मुख्य संस्था. देशात इंटरनेट म्हणजे काय हे माहीत असलेली मोजकी माणसं तेव्हा त्या रस्त्यावर वडापाव खात असतील. सामान्य माणसाला मात्र इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. सुरुवात इतकी अडखळत झाली, की निगमचे तेव्हाचे प्रमुख बी. के. सिंगल यांना जाहीर चूक मान्य करावी लागली. विद्यार्थ्यांना 'शेल' खातं मिळायचं. त्यात चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. अशा खात्याला आयआरसी अगदी सोयीचं.

पण फिनलंड-अमेरिकेतला विद्यार्थी विद्यापीठाच्या तारेवर दिवसेंदिवस आयडल राहू शकायचा, कारण त्याला मिनिटाचे पैसे पडत नव्हते. आमच्याकडे निगमचे तास वेगळे जळायचे आणि एमटीएनएलचा मीटर वेगळा पळायचा. घरात फोन आला तर लाइन तुटायची आणि आत्याला लागत नाही म्हणून घरात आरडाओरडा. मग आले सायबर कॅफे. स्टेशनच्या पूर्वेला, जिन्याखाली, झेरॉक्सच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर प्लायवूडचे खण आणि तासाचा हिशेब. पैसे मोजून गप्प बसणारी माणसं ही तेव्हाची खास मुंबईची, म्हणा किंवा गरीब देशाची, चीज होती. आमचं मौन झोपेचं नव्हतं. अर्ध्या तासात जेवढं वाचता येईल तेवढं वाचून घ्यायचं, असं घाईचं मौन होतं ते.

मी त्यातलीच. कॉलेजात होते. याहूच्या चॅटखोल्या तेव्हा सगळ्यात गजबजलेल्या. दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी एएसएल विचारायचं: वय, स्त्री की पुरुष, गाव. मुलीचं नाव घेऊन खोलीत एक वाक्य लिहिलं की खाजगी चौकट्या पडद्यावर पटापट उघडत, एकावर एक, दहा-बारा. एका मैत्रिणीने मग नाव बदलून एक क्रिकेटपटू घेतला आणि तिला शांतता मिळाली. आम्ही बाकीच्या नुसत्या वाचत बसायचो. लोक परक्याशी काय बोलतात, इंग्रजी कसं बोलतात, लाहोरची मुलगी आणि लंडनचा मुलगा एका खोलीत काय भांडतात. बोललं की आपण मुलगी होतो, मुसलमान होतो, सांताक्रूझ ईस्टच्या होतो. गप्प होतो तोवर कोणीही नव्हतो, आणि तसं असणं काय सुखाचं असतं हे ज्यांच्या नावावरून त्यांचा सगळा पत्ता निघतो त्यांना सांगायला नको. मुंबईच्याच रेडिफवर नटांशी, खेळाडूंशी गप्पा ठेवायचे. तिथे शेकडो लोक प्रश्न पाठवायचे आणि मोजक्यांना उत्तर मिळायचं. दुसऱ्या दिवशी तो संवाद वाचायला मिळायचा. तो वाचणाऱ्यांची नोंद कुठेच नाही.

मौनाबद्दल आपल्या परंपरा एकमेकींशी भांडतात, हे इथे सांगायला हवं. मुशायऱ्यात गप्प बसलेला श्रोता म्हणजे शायराचा अपमान. वाह, मुकर्रर, क्या कहने, काहीतरी यायलाच हवं. आजीच्या गोष्टीला हुंकार लागतो. हुंकार थांबला की आजी समजते पोर झोपलं आणि राक्षस आहे तिथेच राहतो. जुम्म्याच्या ख़ुत्ब्याचं मात्र अगदी उलटं. तिथे गप्प बसणं हाच पूर्ण सहभाग. इतका, की शेजाऱ्याला 'गप बस' म्हणणंही फुकटची बडबड धरली जाते. आणि फ़िक़्हच्या चर्चेत एक सूत्र आहे, जे इमाम शाफ़ईंच्या नावे सांगतात: जो गप्प राहिला त्याच्या तोंडी कुठलंही मत घालता येत नाही. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्यात दिवाणी कायद्याची 'मजल्ला' तयार झाली, तिने हे सूत्र घेतलं आणि त्याला शेपूट जोडलं: मात्र जिथे बोलणं गरजेचं होतं तिथलं मौन म्हणजे बोलणंच. सगळी ओढाताण या शेपटात आहे. कुठे बोलणं गरजेचं होतं हे कोण ठरवणार?

अभ्यासकांनी हे गप्प लोक मोजलेही. २००० साली ब्लेअर नॉनेक आणि जेनी प्रीस यांनी आरोग्याच्या ७७ आणि सॉफ्टवेअरच्या २१ चर्चायाद्या तपासल्या. सॉफ्टवेअरवाल्यांत ८२ टक्के गप्प होते, आजारपणाच्या याद्यांत सुमारे ४६ टक्के. दुखतं तिथे माणूस बोलतो, हे सांगायला मोजणी लागत नाही, पण आकडा हाती असलेला बरा. तोवर असा समज होता, की गप्प लोक फुकटे आहेत, दुसऱ्याच्या पंगतीला जेवून जाणारे. ज्याने कधी लिहिलं आहे त्याला हे पटणार नाही. वाचणारा नसेल तर लिहायचं कुणासाठी?

मग खोल्या ओस पडल्या. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये बहुतेक देशांतल्या चॅटखोल्या बंद केल्या, याहूने २०१२ च्या डिसेंबरात. लोक व्हॉट्सअॅपवर आले. तिथे एक बदल असा झाला, ज्याने मूक माणसाची जुनी जागाच गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये निळी खूण आली. आयआरसीवर तुम्ही किती सेकंद गप्प आहात एवढं दिसायचं. काय वाचलं, वाचलं की नाही, हे कळत नव्हतं. आता ग्रुपमधल्या प्रत्येक निरोपाखाली कुणी कुणी पाहिला याची यादी उघडते, वेळेसकट. हाजिर मजालस परत आली म्हणा ना. फरक एवढाच, की महजरात नांगर काढणाऱ्याला माहीत असायचं आपण कशावर काढतोय. इथे सकाळी दूध तापवताना बोट लागलं की तुम्ही हजर.

याचा अर्थ काय होतो हे आमच्या लोकांना विचारा. इमारतीच्या ग्रुपवर दोनशे माणसं, त्यांत मुसलमान घरं तीन-चार. पाण्याची वेळ, लिफ्ट बंद, गणपतीची वर्गणी, सगळं छान चाललेलं. मग एक दिवस कुणीतरी तो निरोप पुढे ढकलतो. कुठला ते लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. खाली दोन टाळ्या, एक हात जोडलेले. निळ्या खुणांची यादी उघडली तर सगळा मजला दिसतो. ज्यांच्याकडे ईदला शीरखुर्मा जातो ते दिसतात. आणि तुमचंही नाव दिसतं. तुम्ही बोललात तर वातावरण बिघडवलंत, ग्रुप सोडलात तर राग धरलात, गप्प राहिलात तर मान्य केलंत. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपने गुपचूप ग्रुप सोडायची सोय दिली. आमच्या नात्यातल्या दोघीतिघींनी पहिल्या आठवड्यात ती वापरली आणि पाण्याची वेळ कळेना म्हणून पुन्हा आत आल्या.

कायद्याने या गप्प माणसाचा विचार केला आहे, ग्रुपच्या कितीतरी आधी. बेकायदा जमावातल्या प्रत्येकाला जमावाच्या कृत्यासाठी जबाबदार धरणारं जुनं कलम १४९, आता न्याय संहितेतलं १९०. त्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९५६ च्या बलादीन आणि १९६४ च्या मसाल्टी या निकालांत हाच पेच सोडवला. कुतूहलाने येऊन उभा राहिलेला बघ्या जमावाचा सदस्य होत नाही. पण ज्याचा हेतू जमावाचाच आहे, त्याने हात उचलला नाही तरी तो सदस्य ठरतो. ग्रुपपर्यंत हा प्रश्न आला तो गोंदियातल्या २०१६ च्या एका प्रकरणातून. एका सदस्याने एका बाईबद्दल घाण लिहिलं, अॅडमिनने त्याला काढलं नाही. १ मार्च २०२१ ला नागपूर खंडपीठाचे न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी ठरवलं, की समान हेतू किंवा आधीचा कट दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी अॅडमिन गुन्हेगार होत नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. ज्याच्या मौनावर गुन्हा लागू शकतो असा पहिला माणूस आमच्यातला असेल, हे सांगायला मला कायद्याची पदवी लागत नाही.

आणि तरीही जानेवारी २०२२ विसरता येत नाही. १ तारखेला 'बुल्ली बाई' नावाच्या अॅपवर शंभरहून अधिक मुसलमान बायकांचे फोटो लिलावाला लावलेले सापडले. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने अटका केल्या. त्याच महिन्यात क्लबहाउसवरच्या एका खोलीतलं मुसलमान बायकांबद्दलचं बोलणं बाहेर आलं आणि त्यातही मुंबई पोलिसांनी हरियाणातून तिघांना पकडलं. क्लबहाउसची रचना मजलिशीची: वर मंच, खाली श्रोते, श्रोत्यांचा आवाज बंद. खाली बसलेले सगळे रोमात. ते बोलणं बाहेर आलं कारण त्याचं ध्वनिमुद्रण फिरलं. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी गप्प बसून ते जपून ठेवलं. कोण, कुठल्या धर्माचं, मुलगी की मुलगा, मला कळलं नाही आणि कळायची गरजही नाही. अरबीत 'शाहिद' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, हजर असलेला आणि साक्षीदार. प्रेषितांच्या अखेरच्या हजच्या प्रवचनात हाच शब्द येतो: जे हजर आहेत त्यांनी गैरहजर असलेल्यांपर्यंत हे पोहोचवावं, असं त्यांनी सांगितलं होतं. त्या मैदानावर बोलणारा एक होता. बाकी सगळे गप्प होते, आणि आपल्यापर्यंत आलं ते त्यांच्याकडून.

शिक्षिका म्हणून माझा रोजचा संबंध मात्र दुसऱ्याच मौनाशी येतो. २०२० च्या जूनपासून शाळा फोनवर आली. पडद्यावर काळे चौकोन, त्यांत नावं. काही नावं तर मुलांची नव्हतीच, अब्बूंची होती, एका चौकोनात दुकानाचं नाव. हजेरी घ्यायची म्हणून मी नाव पुकारायची आणि चौकोन गप्प. वरून विचारणा व्हायची की किती मुलं 'सक्रिय' आहेत. या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे. बीएडला आम्हाला शिकवलं होतं, की दुसरी भाषा शिकणारं मूल आधी बराच काळ नुसतं ऐकतं. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचं १९९१ चं पुस्तक मी नंतर वाचलं. त्यात लायबेरियातल्या शिंप्यांकडचे शिकाऊ आहेत. ते कापड बेतण्यापासून सुरुवात करत नाहीत. आधी बटणं, काज, दुमड, म्हणजे कडेची कामं, आणि मध्ये काय चाललंय ते बघत राहणं. गोळीबार रोडच्या कुठल्याही शिंप्याकडे जा, छोट्याला पहिलं वर्ष कैची मिळत नाही. कडेला बसणं हा शिकण्याचाच भाग आहे, एवढं ते दोघे सांगतात.

आमच्या सातवीच्या ग्रुपवर एक मुलगी होती. तिघा भावंडांत एक फोन, तोही वडलांचा, आणि ते दिवसभर बाहेर. तीन महिने तिच्याकडून एक अंगठासुद्धा आला नाही. हजेरीपटावर मी तिच्यापुढे काय लिहावं यावर आमच्या शिक्षकखोलीत, म्हणजे तीही एक चॅटखोलीच होती तेव्हा, बरीच वादावादी झाली. मी 'हजर' लिहीत राहिले. सप्टेंबरच्या एका रात्री सव्वाअकराला फोन वाजू लागला आणि थांबेना. चौदा ध्वनिनिरोप होते. पहिल्या धड्यापासून सगळ्या कविता, मराठीच्या, ओळीने, मागे पंख्याचा आवाज आणि मध्येच अम्मीचं "आता झोप गं." एका कवितेत मी वर्गात चुकून एक शब्द दोनदा म्हटला होता. तिनेही तो दोनदा म्हटला होता.